एडीएचडी आणि कलेचा व्यवसाय: कामाच्या नियोजनाचे प्रचलित सल्ले आपल्या मापाने कसे बेतावेत

पहाटे लवकर उठा, सर्वांत अवघड काम सर्वांत आधी हातावेगळे करा, दिवसाचे तासागणिक वेळापत्रक आखा, दोन मिनिटांत होणारे काम लगेच उरकून टाका, असे सल्ले चित्रकार, संकलक, लेखक, संगीतकार, डिझायनर या मंडळींना सतत मिळत असतात आणि त्यांतला एकही सल्ला मुळात चुकीचा नाही. अडचण अशी की हे सगळे सल्ले दोन गोष्टी गृहीत धरून चालतात. काम महत्त्वाचे आहे हे कळले की माणूस ते सुरू करू शकतो, ही पहिली; आणि अर्धा तास उलटला की तो उलटल्याचे त्याला आतून जाणवते, ही दुसरी. एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे अवधान आणि अतिचंचलतेशी निगडित विकार) असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत नेमक्या याच दोन जागा कमकुवत असतात. पुण्यात स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आणि नुकतेच निदान झालेल्या, किंवा निदानाच्या वाटेवर असलेल्या, कलावंतांसाठी हा लेख आहे.

एडीएचडीमध्ये लक्षच लागत नाही असे म्हणणे अपुरे आहे. लक्ष कुठे लावायचे, तिथून ते कधी काढायचे आणि कंटाळवाण्या जागी ते किती वेळ धरून ठेवायचे, यावरचा ताबा कमी असतो. मुखपृष्ठावरच्या अक्षरांची वळणे घोटत सलग सहा तास बसणारी व्यक्ती त्याच कामाचे दोन ओळींचे बिल महिनाभर पाठवू शकत नाही, आणि मग घरच्यांना साहजिकच वाटते की हिने मनावर घेतले तर सगळे जमेल. ‘आवड असली की सवड मिळते’ हे वाक्य अशा व्यक्तीने लहानपणापासून इतक्यांदा ऐकलेले असते की हळूहळू तिलाही ते स्वतःविषयीचा निवाडा वाटू लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी एडीएचडीची मांडणी प्रामुख्याने स्वनियमनातली अडचण अशी केली आहे, आणि त्यातून निघणारी त्यांची शिफारस या लेखाचा पाया आहे: इतर माणसे जी माहिती, वेळेचे जे भान आणि जे प्रोत्साहन मनात बाळगू शकतात, ते सारे मनाबाहेर काढून प्रत्यक्ष कामाच्या जागी डोळ्यांसमोर ठेवावे. म्हणून कोणताही सल्ला समोर आला की आधी त्यातले काय आपल्याला डोक्यात सांभाळावे लागणार आहे ते शोधावे, आणि तेवढा भाग भिंतीकडे, घड्याळाकडे, कागदाकडे किंवा दुसऱ्या माणसाकडे सोपवावा.

नियोजनाआधी निदान

समाजमाध्यमांवरच्या प्रश्नावल्या सोडवून स्वतःचे निदान करू नये. अपुरी झोप, थायरॉइडचा विकार, चिंता, नैराश्य यांमध्येही लक्ष विचलित होते आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या २०१३ सालच्या निकषांनुसार १७ वर्षे किंवा त्यापुढच्या वयाच्या व्यक्तीमध्ये अवधान-अभावाच्या किंवा अतिचंचलतेच्या गटातली किमान ५ लक्षणे असावी लागतात, त्यांतली काही वयाच्या १२व्या वर्षाआधीपासूनची असावी लागतात, आणि ती घर, कामाची जागा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. बालपणाचा भाग महत्त्वाचा असल्यामुळे आईने कपाटात जपून ठेवलेली शाळेची प्रगतिपुस्तके तपासणीला अवश्य न्यावीत. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’, ‘वह्या अपूर्ण’ या शेऱ्यांचा मनोविकारतज्ज्ञांना खरोखर उपयोग होतो. ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, शहरात खासगी तज्ज्ञही आहेत, आणि सुरुवात कुठून करावी हेच सुचत नसेल तर शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

औषधे घ्यावीत की नाही हा निर्णय डॉक्टरांसोबत बसून करायचा आहे; मात्र त्यातली एक व्यावहारिक बाब नवख्यांना कुणी सांगत नाही. एडीएचडीसाठी दिले जाणारे मेथिलफेनिडेट हे औषध भारतात ‘शेड्यूल एक्स’ या कडक वर्गात मोडते. त्यासाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यांतली एक दुकानदार स्वतःकडे ठेवतो, प्रत्येक औषधदुकानाला ते विकण्याचा परवाना नसतो, आणि २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून लिहून देता येत नाही. म्हणजे गोळ्या संपल्याचे शेवटच्या दिवशी लक्षात आले तर पुढचे काही दिवस औषधाविना जाण्याची शक्यता असते, आणि विसरभोळेपणावरचे औषध आणायला विसरणे इथे अगदी स्वाभाविक आहे. डॉक्टरांच्या दवाखान्यातून बाहेर पडण्याआधीच पुढच्या भेटीची वेळ घ्यावी आणि ती तारीख गोळ्यांच्या डबीवर ठळक लिहून ठेवावी.

पहिली पायरी: एक आठवडा नुसती नोंद

पहिल्या आठवड्यात काहीही सुधारायला जाऊ नये. एका साध्या वहीत कामाचे नाव, त्याला किती वेळ लागेल हा अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ, असे तीन रकाने आखावेत. लागणारा वेळ कमी धरण्याची सवय सगळ्याच माणसांना असते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ सालीच तिच्यावर लिहिले होते. एडीएचडीमध्ये वेळेचे भान मुळातच डळमळीत असल्याने हा फरक आणखी रुंदावतो. शिवाय सर्जनशील कामात न दिसणारे तुकडे फार असतात: ब्रीफ (ग्राहकाने काय हवे ते सांगणारा मजकूर) पुन्हा वाचणे, संदर्भचित्रे शोधणे, फाइल एक्स्पोर्ट करणे, ती ग्राहकाला उघडत नाही म्हणून दुसऱ्या स्वरूपात पाठवणे, ‘जरासा बदल’ या नावाखाली येणाऱ्या दुरुस्त्या. हे सारे नोंदले की कोणत्या प्रकारच्या कामाला आपण किती पटीने कमी वेळ धरतो ते आकड्यांत दिसते. पुढचे काम घेताना मनाला वाटणाऱ्या वेळेला त्या पटीने गुणावे आणि ग्राहकाला तोच आकडा सांगावा. ही वही स्वतःला दोष देण्यासाठी नाही, एवढे मात्र पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

दुसरी पायरी: वेळ डोळ्यांना दिसू द्यावी

इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून अभ्यास सुरू केला आणि त्यातून २५ मिनिटे काम व ५ मिनिटे विश्रांती ही पोमोडोरो पद्धत आली. एडीएचडी असलेल्यांना ती सर्वांत आधी सुचवली जाते, आणि पुष्कळांना ती पहिले चार दिवस आवडून पाचव्या दिवशी नकोशी होते. कारण उघड आहे. या पद्धतीत काम सुरू करून देणारी घंटा आणि काम थांबवणारी घंटा एकच आहे, तर एडीएचडीमध्ये सुरू करणे आणि थांबणे या दोन निरनिराळ्या अडचणी आहेत. महत्प्रयासाने लय सापडलेली असताना २५व्या मिनिटाला वाजणारी घंटा ती लय मोडते, आणि ५ मिनिटांची विश्रांती फोन हातात आला की दीड तासाची होते.

म्हणून दोन्ही घंटा वेगळ्या कराव्यात. सुरुवातीसाठी फक्त १० मिनिटांचा टायमर लावावा आणि तेवढ्यापुरतेच स्वतःला बांधून घ्यावे. १० मिनिटांनंतर हात चालू असेल तर चालू द्यावा, नसेल तर उठावे, चार पावले चालावे आणि आणखी १० मिनिटे लावावीत. थांबण्यासाठी दुसरा गजर हवा, आणि तो टेबलावर नको. हाताशी असलेला गजर बोटाने बंद होतो व बंद केल्याचे आठवतही नाही. तो स्वयंपाकघरात, शक्यतो पाण्याच्या माठाजवळ ठेवावा, म्हणजे तिथवर उठून जावे लागते आणि पाणीही प्यायले जाते. तासन्‌तास एका जागी गुंतणाऱ्यांकडून जेवण आणि पाणी दोन्ही राहून जातात. समोरच्या भिंतीवर काटे असलेले मोठे घड्याळ लावावे. अंकी घड्याळ आत्ता किती वाजले एवढेच सांगते, काट्यांच्या घड्याळात पाचपर्यंत किती जागा उरली आहे ते दिसते, आणि या ठिकाणी आपल्याला तेच हवे आहे.

विश्रांतीत काय करायचे तेही आधी ठरवून कागदावर लिहावे. चहा टाकणे, गच्चीवर फेरी मारणे, कपडे वाळत घालणे अशी कामे चालतात, कारण त्यांना स्वतःचा शेवट असतो.

तिसरी पायरी: यादी नव्हे, चिठ्ठी

२७ कामांची यादी ही एडीएचडी असलेल्या व्यक्तीसाठी २७ आरोपांचा कागद असतो. मोठी यादी जरूर असावी, पण ती वहीत बंद राहावी, आणि टेबलावर पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर आजची तीनच कामे असावीत. ती कशी लिहिली आहेत यावर निम्मे काम अवलंबून आहे. समजा, नारायण पेठेतल्या एका प्रकाशकाकडून कथासंग्रहाचे मुखपृष्ठ आले आहे. ‘मुखपृष्ठ करणे’ ही ओळ वाचून हात कुठेच जात नाही, कारण त्या दोन शब्दांत पंधरा निर्णय दडलेले असतात. त्याऐवजी ‘कालच्या तीन स्केचेसपैकी जिन्याचे स्केच काढून त्यावर शीर्षकाची जागा पेन्सिलने आखणे’ असे लिहिले, तर कोणता कागद उचलायचा आणि हातात काय घ्यायचे हे दोन्ही ठरलेले असते. ओळ वाचल्यावर हाताची पहिली हालचाल डोळ्यांसमोर येत नसेल तर ती ओळ आणखी फोडावी. उद्याची चिठ्ठी आजच, काम अजून डोक्यात ताजे असताना लिहावी आणि जिन्याचे ते स्केच तिच्याखालीच ठेवून उठावे.

दोन मिनिटांच्या नियमाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: कार्यनियोजनावर लिहिणारे अमेरिकन लेखक डेव्हिड ॲलन यांनी लोकप्रिय केलेला हा नियम एडीएचडी असलेल्यांनी कामाच्या वेळात मुळीच पाळू नये. ईमेलला उत्तर देणे दोन मिनिटांचे असेलही, पण ते करताना ब्राउझर उघडतो, ब्राउझरमध्ये कालचा अर्धा वाचलेला लेख असतो, आणि परत येण्याची वाट लक्षात राहत नाही. अशा फुटकळ कामांसाठी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला जागा ठेवावी, सुचेल तसे तिथे टिपावे आणि दुपारच्या जेवणानंतर अर्ध्या तासात ती एकत्र उरकावीत. नुसते ‘उरकेन’ असे ठरवण्यापेक्षा ‘जेवणाचे ताट घासायला टाकले की चिठ्ठी उलटी करेन’ असे, घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडून ठरवलेले अधिक पाळले जाते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचे संशोधन अशाच ‘अमुक झाले की तमुक करेन’ या स्वरूपाच्या संकल्पांवर आहे.

अवघड काम आधी की नंतर

सर्वांत अवघड काम सकाळी पहिले करावे, या सल्ल्याने एडीएचडी असलेल्या अनेकांच्या सकाळी वाया जातात: अवघड काम सुरू होत नाही आणि ते झाल्याशिवाय दुसरे हाती घ्यायचे नाही असा नियम, त्यामुळे काहीच घडत नाही. गायक रियाजाची सुरुवात खर्जाने करतात, बंदिशीतल्या सर्वांत बिकट जागेने करत नाहीत. त्याच धर्तीवर आपल्याच कलेतला एक छोटा, आवडता आणि ठरलेल्या जागी संपणारा तुकडा आधी घ्यावा: चित्रकाराने एका पानावर हाताची पाच रेखाटने, संकलकाने एका दृश्याच्या क्लिप्सना नावे देणे, लेखकाने कालचे शेवटचे पान हाताने उतरवून काढणे. तो संपला की उठायचे नाही, त्याच खुर्चीत चिठ्ठीवरच्या पहिल्या ओळीला लागायचे.

पहाटे उठण्याचेही असेच. एडीएचडी असलेल्या पुष्कळांचे झोपेचे चक्र उशिराकडे सरकलेले असते, आणि झोप तोडून मिळवलेले तास लक्षाच्या बाबतीत महागात पडतात. किती वाजता उठावे याचा आग्रह सोडावा, रोज साधारण एकाच वेळी उठावे याचा धरावा.

सर्वांत उपयोगी पायरी: शेजारी माणूस

कंटाळवाणे काम एकट्याने होत नाही आणि खोलीत दुसरे कुणी स्वतःचे काम करत बसले असेल तर ते होते, हा एडीएचडी असलेल्या असंख्य लोकांचा अनुभव आहे. इंग्रजीत याला ‘बॉडी डबलिंग’ म्हणतात. त्यावरचे संशोधन अजून थोडे आहे, पण ते करून पाहण्यात धोका नाही आणि पुण्यात त्याची सोय वर्षानुवर्षे तयार आहे. सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ या भागांत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी पदोपदी अभ्यासिका आहेत. महिन्याचे शुल्क भरले की एक खुर्ची, एक टेबल आणि आजूबाजूला मान खाली घालून बसलेली तीस-चाळीस मुले मिळतात. लेखक, भाषांतरकार, पटकथाकार, रेखाटने करणारे यांनी तिथे एक महिन्यासाठी जागा घेऊन पाहावी असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. बोलायला मनाई असते, लोक ठरलेल्या वेळी येतात, ठरलेल्या वेळी चहाला खाली उतरतात, आणि शेजारच्या खुर्चीवरची मुलगी चार तास हललेली नाही हे दिसत असताना आपणही फोन काढत नाही. कॉफीच्या दुकानात हे घडत नाही, कारण तिथे बहुतेक जण गप्पा मारायला आलेले असतात.

ज्यांच्या कामात आवाज आहे, किंवा ज्यांना मोठा संगणक लागतो, त्यांना अभ्यासिका चालणार नाही. त्यांनी याच क्षेत्रातला एखादा सोबती गाठावा आणि आठवड्यातून दोन ठरलेल्या दुपारी एकमेकांच्या घरी, किंवा आवाज बंद ठेवून व्हिडिओ कॉलवर, आपापले काम घेऊन बसावे. सुरुवातीला दोघांनी आपण काय करणार ते एका वाक्यात सांगावे, शेवटी जेवढे झाले तेवढे दाखवावे, आणि मधल्या वेळात एकमेकांच्या कामावर मत देऊ नये. मत द्यायला लागले की काम थांबते आणि चर्चा रंगते.

पुण्याच्या महाविद्यालयांत एकांकिका केलेल्या कुणालाही याची खूण पटेल. जर्नल वेळेवर पूर्ण न करणारा विद्यार्थी पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत रोज संध्याकाळी तालमीला हजर असतो. तिथे वेळ ठरलेली असते, जागा ठरलेली असते, चार जण वाट पाहत असतात, आणि भरत नाट्य मंदिरातला प्रयोग कुणासाठी पुढे ढकलला जात नाही. शिस्त त्याच्यात अचानक आलेली नसते, ती त्याच्याभोवती रचलेली असते. कॉलेज सुटल्यावर एकट्याने काम करताना ही रचना आपली आपल्याला उभी करावी लागते.

मुदत: स्वतःची नको, समोरच्याची हवी

स्वतःच ठरवलेली आणि स्वतःलाच माहीत असलेली तारीख एडीएचडी असलेल्या मनाला खरी वाटत नाही. तारखेच्या पलीकडे कुणीतरी वाट पाहत असावे लागते. दिवाळी अंकाची चित्रे करणाऱ्यांचे उदाहरण घ्या. काम उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाळ्यात ठरते, मुदत दूर असते, मग गणपती येतात. त्याआधीचे कित्येक आठवडे नदीकाठी संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो आणि पेठांत राहणाऱ्यांना संध्याकाळी काम करणे कठीण होते. उत्सवात मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, घरी पाहुणे असतात. अनंत चतुर्दशीनंतर जाग येते तेव्हा संपादकांचे फोन सुरू झालेले असतात. म्हणून काम स्वीकारतानाच ते तीन टप्प्यांत द्यायचे ठरवावे आणि मानधनही त्याच टप्प्यांत मागावे. संदेश साधा असावा: ‘नमस्कार सर, सहा चित्रांची कच्ची रेखाटने मी १० तारखेला संध्याकाळी पाठवतो. ती पाहून आपण १२ तारखेपर्यंत कळवावे. रेखाटने मिळाल्यावर मानधनाचा पहिला एक तृतीयांश हप्ता द्यावा. १० तारखेला माझ्याकडून काही आले नाही तर कृपया फोन करावा.’ शेवटचे वाक्य लिहायला संकोच वाटतो, पण संपादकांना ते आवडते, आणि आपल्याला बाहेरचा गजर मिळतो. निदान झाल्याचे ग्राहकाला सांगणे मुळीच गरजेचे नाही.

बिलाबाबत एकच नियम पुरेसा आहे. अंतिम फाइल आणि बिल एकाच ईमेलमध्ये जावे. बिल जोडलेले नसेल तर फाइल पाठवायची नाही. त्यासाठी बिलाचा कोरा नमुना कामाच्या फोल्डरमध्ये पहिल्याच दिवशी टाकून ठेवावा. करविवरण आणि टीडीएसचे कागद चार्टर्ड अकाउंटंटकडे सोपवावेत आणि त्यांनाच दर तीन महिन्यांनी फोन करायला सांगावे.

घरच्यांशी बोलणे

घरून काम करणाऱ्याला दार उघडणे, सिलिंडर घेणे, काकांना स्टेशनवर सोडणे ही कामे येतातच, कारण ‘तू घरीच असतोस ना’. एडीएचडीमध्ये दोन मिनिटांचा व्यत्यय दोन मिनिटांवर थांबत नाही, हे आईला किंवा वहिनीला एकदा शांतपणे बसून सांगावे, आणि व्यत्यय नको असलेली वेळ दिवसभराची न मागता दीड-दोन तासांचीच मागावी. दारावर पाटी लावावी आणि त्या पाटीवर आपण केव्हा बाहेर येणार ती वेळ लिहावी. ती वेळ आपणही पाळली तरच पाटीचा मान राहतो.

रचना मोडल्यावर

वरचे सगळे नीट बसले तरी काही आठवड्यांनी त्यातले नावीन्य ओसरते आणि चिठ्ठी लिहिणे थांबते. हे घडणार असे धरूनच चालावे. अशा वेळी नवे ॲप शोधण्यात दोन दिवस घालवण्याची तीव्र इच्छा होते. ती टाळून फक्त वरवरचे बदलावे: चिठ्ठीचा रंग, बसायची जागा, अभ्यासिकेची वेळ, सोबती. मूळ रचना तीच ठेवावी. कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून त्यावर पुन्हा सुरू करण्याचा क्रम लिहून ठेवावा: आज फक्त एक चिठ्ठी, तिच्यावर एकच काम, १० मिनिटांचा एक टायमर, आणि सोबत्याला एक फोन. राहून गेलेल्या कामांची भरपाई त्या दिवशी करायची नाही. हे करूनही दोन-तीन आठवडे काहीच हलत नसेल, झोप बिघडत चालली असेल किंवा एरवी आवडणारे कामही नकोसे वाटत असेल, तर तो नियोजनाचा प्रश्न उरलेला नाही. डॉक्टरांच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता आधीची वेळ मागून घ्यावी.